मोठी आई नाई, आंटी

माझं माहेर पारशिवनीकडचं, बाप मिशनच्या शाळेत घंटा वाजवे, झाडलोट करे, माय दुसऱ्याच्या वावरात जाये. लग्न होऊन नागपुरात आली तं मिशनच्याच दवाखान्यात आया म्हणून लागली, तेव्हापासून दुसऱ्याचे पलंग साफ करून राहिली, काय सांगू तुम्हाले भाऊ, कंबर तिथंच गेली माझी. आमचे हे खापरखेड्याले पावर हाऊसमंधी, हप्त्यातून एकदा घरी येत. पोरी झाल्या दोन, तिसरीही पोरगीच.

आन् माझी धाकटी जाऊ रिबका, तिले मूलबाळ नव्हतं. औषधं झाली, उपास-प्रार्थना झाल्या, काही नाई. माझ्या तिसऱ्या बाळंतपणाले ती आली, पोट्टीले मांडीवर घेतलं तं सोडेच ना. मले पाहवलं नाई. कोनी मले सांगतलं नव्हतं बरं, मीच म्हणलं, घे वं रिबका, तुझ्या ओटीत घातली. फक्त तिले मले मोठी आई म्हणायले शिकव. जेठानीले, म्हंजे थोरल्या जावेले, धाकटीची पोरं मोठी आईच म्हणतात ना आपल्याकडं, त्यात आई राहते, मले तेवढं पुरे होतं. रिबका रडली, म्हणे, ताई, शब्द देते.

मंग दिराची बदली झाली, रेल्वेत होते ते, इटारसीले गेले. पाचेक वर्षांनी नाताळाले आले, मी करंज्या तळून राहिली होती, हात पिठाचे, तं रिबका पोट्टीले म्हणते, सलोमी, आंटीले सलाम कर. आंटी! शेजारणीले म्हणतात ते. मी बाजूले नेऊन म्हणलं, काहून वं? तं खाली पाहून म्हणे, मले भेव लागते ताई, त्या 'आई' शब्दानं तिच्या मनात काही आलं तं?

करंजी जळाली माझी तेव्हा. लई राग आला, खोटं काहून बोलू.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमंधी प्रभुभोजन राहते, मेजाजवळ जाऊन प्रभूच्या नावानं भाकर आन् द्राक्षरस घ्याचा. मनात कोनाबद्दल आढी असन तं मेजाजवळ जाऊ नाई, असा आमचा नेम. मी बाकावरच बसून राहे. सगळ्या बाया उठून जात, मी एकटीच बसलेली, सगळ्याईले दिसे. शेवटी पास्टर साहेब घरी आले, म्हणे, बाई, माफ करून टाका. म्हणलं, साहेब, करतेच ना, पण वार्डातल्या चादरीसारखं आहे ते, आज बदलली, उद्या पुन्हा मळली. ते हसले नाई. म्हणे, मंग रोज बदला. तं रोज बदलली भाऊ, इतकी वर्षं. कधी खरीखुरी, कधी नुसती वरवर. मेजाजवळ जाऊ लागली, पण थकली.

आता दीर गेले, रिबकाले लकवा मारला, तिचं करनारं कोन? आणली घरी. तिचं हागणंमुतणं मीच काढते, सवय आहे हाताले. सलोमी काटोलले शाळेत शिकवते, शनिवारी बसनं येते, म्हणते, आंटी, तुम्ही बसा, मी करते. चांगली आहे पोट्टी, हात अगदी माझ्या मायसारखे.

मागच्या महिन्यात मी रिबकाचं अंग पुसून राहिली होती, तं वाकड्या तोंडानं म्हणे, ताई, माफ कर, सांगून टाक तिले. म्हणलं, माफ तं कितीदा केलं वं, आणखी एकदा केलं. ती रडली, मीही रडली. शनिवारी सलोमी आली. शब्द अगदी जिभेवर होता माझ्या.

नाई सांगतलं. सांगतलं असतं तं तिले आम्हा दोघींले माफ करा लागलं असतं, एकीनं दिली म्हणून, एकीनं लपवलं म्हणून. आन् हे काम किती थकवते ते मले माहीत आहे, लेकराच्या अंगावर कसं टाकू? म्हणून म्हणते भाऊ, तुम्ही हे लिहून राहिले तं तिचं नाव दुसरं टाकजा. प्रभू तिले सुखात ठेवो, मले आंटीच म्हणू द्या.