ब्लाउज नव्हे, बांबू

डिझाइन शिकलेली सून आणली, हे सासूबाईंनी अख्ख्या गावात कौतुकानं सांगितलं होतं. झालं! मांडव निघतो न निघतो तोच बायका ब्लाउजपीस घेऊन दारात. आणि मी शिकले वस्तूंचं डिझाइन; मला तर साधी तुरपाईही येत नाही! मला याच बायकांना बांबूचे दिवे करायला शिकवायचं होतं, गावातच चार पैसे मिळावेत म्हणून. पण सासूबाईंच्या होकाराशिवाय ओसरी कुठली मिळायला! शेवटी शिवण येत नाही, बांबूकाम शिकवायचंय, हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

“मंग आतावरी काऊन चूप होती?” सासूबाईंनी विचारलं.

“तुम्ही इतक्या कौतुकानं सांगत होता...”

सासूबाई बायकांकडे वळल्या. “ब्लाउज वापस न्या वो. उद्या बांबू घेऊन या. सून शिकवते, आपल्याच ओसरीवर.”

बायका गेल्यावर त्यांनी पेटीतून स्वतःचा ब्लाउजपीस काढला नि त्या हळूच म्हणाल्या, “मायावाला तेवढा शिवून देजो. मी कोणाले नाही सांगत.”