जुन्या पत्त्यावर जाणारं माझं दार

मी मूळची मोहोळची, लग्नानं सोलापुरात आले. मालक लवकर गेले, लेकरूबाळ न्हाय, मग सात रस्ता चौकाजवळ कॉम्प्युटरचा क्लास काढला. काय सांगू तुमाला, तवा बाया माऊसला हात लावायला भ्यायच्या, शॉक बसंल म्हनून बांगड्या काढून ठिवायच्या.

त्या कॉम्प्युटरपायीच ह्या कामाला लागले. इंटरनेटवर एक जाळं हाय बगा, त्यातनं गेलं की कोन काय वाचतंय, कोन काय लिवतंय ते कुनालाच कळत न्हाय. काही देशांत सरकारं त्याची पुढची दारं बंद करत्यात, मग आमच्यासारखी जगभरची मानसं आपल्या घरच्या मशीनवर मागचं दार उघडून ठिवत्यात, फुकट. ही दारं कुटं हायत ते एकाच सर्व्हरला ठावं. दारानं तितं जाऊन मी उघडं हाय म्हनून सांगायचं, मग त्यो अडलेल्याला पत्ता देनार.

त्यो सर्व्हर सांभाळायचं ते मानूस म्हंजी मेपल, हे तितलं टोपननाव. आमच्यात खरं नाव इचारायचं न्हाय, गाव इचारायचं न्हाय, तसा रिवाजच हाय. मी तितं शेंगा. मेपल बाप्या का बाई, म्हातारं का तरनं, मला कायबी ठावं न्हाय. पन रोज सांजच्याला लिवायचं, शेंगा, जेवण झालं का. मीच शिकवलं हुतं, आमच्याकडं असं इचारत्यात म्हनून. बगा की, एवढी भावकी सोलापुरात, पन इचारनारं तेवढंच एक.

मग मेपलनं लिवलं, तब्येत साथ देईना, आता सर्व्हर बदला. नवा आमच्यातल्याच एकानं दुसरीकडं उभा केला, मीबी हात लावला, समद्या दारवाल्यांना सांगितलं की प्रोग्राम नवा घ्या, न्हायतर तुमचं दार जुन्याच पत्त्यावर जाऊन थांबंल आन् कुनाला सापडायचं न्हाय. व्हय, मीच सांगितलं. जुना बंद झाला, त्याच्याबरूबर मेपलचं लिवणंबी थांबलं. आता कुनाला इचारू? नावच ठावं न्हाय, जितं हाय का गेलं कसं कळावं? रडायचं तरी कुनाच्या नावानं?

आन् माझं सोताचं दार मी बदललंच न्हाय. जात हुतं ते जुन्या पत्त्यावर, परत परत. तितं कोन न्हाय, म्हाईत हाय की मला, तरी ताट घिऊन त्या स्क्रीनसमोर बसायची. लई एकटं वाटायचं हो.

एक दिवस नव्या सर्व्हरवाल्यानं समद्यांना लिवलं, दारं कमी पडत्यात, मानसं बाहेर अडकल्यात. माजी भाकरी तव्यावर हुती. मेपल असतं तर म्हनलं असतं, शेंगा, तुझं दार कुटं हाय? तशीच उठले, मशीनपुढं बसले, प्रोग्राम बदलला. एवढंसं तर काम. नव्या सर्व्हरनं सांगितलं, दार सापडलं, उघडं हाय. भाकरी पार करपली.

आता माज्या दारातनं कोन येतंय, कोन जातंय, मला कळायचं न्हाय. येऊ द्यात, सुखरूप जाऊ द्यात, आन् त्यात कवा मेपल असंल तर त्यालाबी वाट मिळू दे. सांजच्याला ताटावर बसले की आता मीच म्हनते, मेपल, जेवलासा का. मग मी जेवते.