तापलेला कॅल्क्युलेटर

माणसाला ऊन लागतं हो, पण कॅल्क्युलेटरला लागलेलं पाहिलंय कधी? मी पाहिलंय!

ब्याण्णव-त्र्याण्णवला आम्ही नाशिकहून जीपने मालेगावकडे कालव्याच्या मोजणीला जायचो. साहेबांच्या मेव्हण्याने दुबईहून त्यांना खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आणला होता. आम्हाला त्याला हात लावायचीसुद्धा बंदी! एकदा ऐन मे महिन्यात साहेबच तो जीपच्या काचेपाशी विसरले. जेवून येऊन बघतो, तर त्याचा पडदा काळाकुट्ट.

"गेला रे!" साहेबांना रडूच यायचं बाकी होतं.

आमचे ड्रायव्हर कोंडाजीअण्णा चांदवडचे. ऊन लागू नये म्हणून खिशात कायम कांदा बाळगायचे.

"सायेब, ऊन लागलंय त्याला," म्हणत त्यांनी कॅल्क्युलेटर लिंबाखाली ठेवला आणि कांदा त्याच्या उशाशी.

"अण्णा, अहो यंत्र आहे ते!" साहेब भडकले.

अर्ध्या तासात पडदा स्वच्छ!

"सावलीत गार झाला म्हणून," साहेब म्हणाले. अण्णांनी हसत कांदा परत खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपमध्ये चढताना वाकले आणि त्यांच्या खिशातून टपकन कांदा पडला. आम्ही सगळे बघतच राहिलो.

कांदा उचलत साहेब म्हणाले, "माझ्यासाठी नाहीये. त्याच्यासाठी आहे."