राक्षस वेगळा मिळेल

...आणि वर मलाच विचारतात, "गौरामावशी, लंगडताय का?" लंगडू नको तर काय करू? एवढासा, हो, वालाचा दाणा तरी मोठा असेल, एवढासा लाल ठोकळा, चारी बाजूंनी कोन, वर दोन बोंडं, आणि तो नेमका शेजारच्या चैतीच्या पडवीत, नेमका उंबऱ्याच्या आत, नेमका माझ्या टाचेखाली! बाभळीचा काटा परवडला हो, काटा निदान मोडतो तरी. हा मोडला नाही, वाकला नाही, मी मात्र "अगं आई गं" करत खाली बसले आणि हा तसाच चकचकीत माझ्याकडं बघतोय! म्हणजे मजबूत आहे. वस्तूला मी नावं ठेवत नाही. पण...

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या पडवीत तुझं काय काम? अहो, त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एक काटक्यांचा कूड, कुडाला एक भोक, आणि ते भोक काही मी पाडलेलं नाही! भोक आहे म्हणून दिसतं, दिसतं म्हणून जावं लागतं. होळीला चैतीचा नवरा आला, धर्मेंद्र, ठाण्याला कंपनीत असतो, दोन-दोन महिने तोंड दिसत नाही त्याचं, आणि आला तो पिशवीतून हे एवढं मोठं खोकं काढलं. पोरीसाठी. प्रतीक्षा, दुसरीत आहे. खोक्यावर चित्र काय! एक बाप्या, अंगाला घट्ट कपडे, पाठीला लाल फडकं, तोंडाला मुखवटा, आणि त्याच्यासमोर एक हिरवा राक्षस, दात हे एवढे, आणि ह्या बाप्यानं त्याला अशी गुद्दी मारलीय की मागं ठिणग्या! सातवी शिकलेली बाई मी, पण मीसुद्धा हातातलं सूप ठेवून उठले.

"काय रे हे, धर्मेंद्र?"

"सुपरहिरो आहे, मावशी. ठोकळे जोडायचे, गाडी होते, हिरो गाडीत बसतो. बावन्न तुकडे."

"केवढ्याला?"

"साठला. भैया शंभर बोलत होता, मी बोललो, छोड, तर मागून आवाज दिला."

साठ रुपये! म्हणजे स्वस्तच म्हणायचं. पण खोकं उघडलं आणि तुम्हाला सांगते, आत निम्मा वारा! लग्नात आहेराला मोठं ताट आणि ताटात एक सुपारी, तसं. तळाशी एक पिशवी, पिशवीत ठोकळे, आणि एक कागद. कागदावर अक्षर नाही, नुसती चित्रं, एक, दोन, तीन, चार... आणि एकदम सहा! पाच कुठं गेला? मी म्हटलं, पाच नंबर त्या भैयाकडं राहिला असेल. वस्तूला मी नावं ठेवत नाही हां, पण चार आणि सहाच्या मध्ये गाडीला चाकं आली कुठून हे कोणी सांगेल का?

मग जोडायला बसलो. बसलो म्हणजे ते बसले, मी आपली बाजूला. काही ठोकळे इतके घट्ट, की दातानं ओढावं लागे. काही इतके ढिले, की कोंबडी शेजारून गेली तरी पडत. एक चाक वाकडं. पाठीचं लाल फडकं म्हणजे शिंप्याच्या दुकानातली चिंधी, पाण्याचं बोट लागलं तर बोट लाल! चैती म्हणाली, होळीचाच रंग असेल. मी म्हटलं, असेल बाई. सणाच्या दिवशी कशाला वाद?

आणि हे सगळं चाललं होतं, तेव्हा कोपऱ्यात खाटेवर बसलेला देवजीबाबा, धर्मेंद्रचा बाप, आमच्याकडं पाठ करून घराच्या मेढीशी बोलत होता. हो, मेढीशी! घराच्या मधल्या खांबाशी! "मेढी, त्याला विचार, जेवला का?" की मग धर्मेंद्रनं पण मेढीकडं बघून म्हणायचं, "जेवलो म्हणून सांग." दहा महिने झाले, बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. चैती बिचारी दोघांच्या मध्ये तिसरा खांब.

कारण? कारण सांगते ना, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं चैत्रात बोहाडा होतो. मुखवटे घालून देव येतात, राक्षस येतात, संबळावर नाचतात, आणि शेवटी देवी येते, राक्षसाला मारते आणि उत्सव संपतो. कोणतं सोंग कोणी घ्यायचं हे ठरलेलं, घराण्याचा मान तो. देवजीबाबाच्या घरात राक्षस आहे. हसू नका! चार पिढ्यांचा राक्षस आहे, तो मुखवटा घरात आणताना नारळ फोडतात, हळद-कुंकू वाहतात. चाळीस वर्षं देवजीबाबा नाचला. गुडघे थकले म्हणून गेल्या वर्षी म्हणाला, आता पोरानं घ्यावं. तर पोरगा आलाच नाही! कंपनीत कोणाला घरच्या राक्षसाचा फोटो दाखवला होता, ते म्हणाले, "अरे, तू तो व्हिलन निकला!" ह्याच्या मनाला लागलं. निरोप धाडला, "पिढ्यानपिढ्या आपणच का मार खायचा? पोरीसमोर मी आडवा पडणार नाही. पंचांकडं देवाचं सोंग मागा, मग येतो." आता देव काय असे रेशनवर मिळतात? सगळे देव वाटून झालेत! मग म्हातारा स्वतःच उठला, थकल्या गुडघ्यानं मुखवटा चढवला, आणि देवी यायच्या आधीच पडला. मधोमध. मार न खाताच. लोकांना वाटलं सोंगच आहे, टाळ्या वाजवल्या. मला कळलं, कारण मी पुढंच बसले होते. मी पुढंच बसते.

तेव्हापासून हा अबोला. आणि ह्या वर्षी पंचांनी सरळ सांगितलं, चैत्रापर्यंत घरातून कोणी उभं राहिलं नाही, तर मान जामसरच्या भावकीला जाईल. म्हातारा जेवायचा कमी झाला होता. कुडाच्या भोकातून दिसत होतं ना मला ताट! अर्धी भाकर परत जायची.

तर आता कळलं का धर्मेंद्रनं हिरोच का आणला? पोरीनं बघावं, बाप्या कसा असतो! उभा राहतो, मारतो, मार खात नाही! मी तेव्हाच ओळखलं, पण बोलले नाही. म्हणजे चैतीशी बोलले. आणि पलीकडच्या बुधीशी. बाकी कोणाशी नाही.

बरं, गाडी झाली. वाकडी, पण झाली. हिरो उभा केला. वस्तूला मी नावं ठेवत नाही, पण त्याचा हात नुसता वरखाली होतो, मुठीत काही धरता येत नाही, आणि मुखवटा वेगळा, टोपीसारखा डोक्यावर दाबायचा. पोरगी दाबायला गेली, तर खाटेवरून आवाज, "थांब गं! असा कोणीपण, कधीपण मुखवटा घालतात का? आण इकडं."

देवजीबाबानं तो वाटाण्याएवढा मुखवटा तळहातावर घेतला. उजेडात धरला. उलटा केला, आतून बघितला, नखानं वाजवला, नाकाशी नेला. सोनार तरी एवढं बघत नाही हो! मग म्हातारा म्हणाला, "हलका आहे. रंग बरा आहे. पण डोळ्यांना भोकं नाहीत. यो नाचणार कसा? पडंल यो."

पडंल म्हटल्यावर कोण पडलं होतं हे सगळ्यांना आठवलं. पण पोरीला कुठली पोच! ती म्हणते, "आजा, तू पण पडलास ना? तुझ्या मुखवट्याला पण भोकं नव्हती?"

"होती गं," म्हातारा म्हणाला. "गुडघ्यात जोर नव्हता."

धर्मेंद्रनं मान खाली घातली आणि वाकडं चाक काढून परत बसवायला लागला. चाक होतं तसंच बसलं होतं! मी खोकले. अशा वेळी कोणाला तरी खोकावं लागतं.

तेवढ्यात पोरगी ओरडली, "बाबा, राक्षस कुठंय?"

खरंच की! खोक्यावर हिरवा राक्षस, आणि पिशवीत नाहीच! मग जी शोधाशोध झाली, काय सांगू! खोकं झटकलं, गोधड्या झटकल्या, चैतीनं नागलीचं पीठ चाळलं, मी चुलीची राख चाळली, आणि शेवटी सगळ्यांचं लक्ष कोंबडीकडं गेलं. मघाशी ठोकळ्यांत चोच मारत होतीच ती! मीच म्हटलं, हिनंच गिळला. झालं! धरली, टोपलीखाली झाकली, वर पाटा ठेवला, आणि पोरगी समोर उकिडवी बसली. का? तर राक्षस बाहेर येईपर्यंत! तासभर! कोंबडीनं जे द्यायचं ते दिलं हो, तीनदा दिलं, काडीनं तपासलं पण. राक्षस नाही. मग दुपारी रोहिदास गुरुजी रस्त्यानं चालले होते, त्यांना हाक मारली, खोकं दाखवलं. चष्मा वर केला, खोकं उलटं केलं, तळाला मुंगीएवढं इंग्रजी होतं ते वाचलं आणि म्हणाले, "अहो, स्पष्ट लिहिलंय की. राक्षस यात नाही. राक्षस वेगळा विकत मिळेल."

बघा! आता वस्तूला मी नावं ठेवत नाही, पण चित्रात मारामारी दाखवायची आणि खोक्यात एकटाच माणूस द्यायचा? नवरदेवाचा फोटो दाखवून घोडाच पाठवायचा, त्यातला प्रकार हा! कोंबडी सोडली. जी पळाली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. तिचाही अपमान झाला होता.

पोरीनं हिरो ओट्यावर ठेवला. त्याचा हात वर केला. खाली केला. परत वर केला. "मग हा काय करणार?"

"हिरो आहे ना तो," धर्मेंद्र म्हणाला. "उभा राहणार."

"नुसता?"

"हां... नुसता."

"एकटाच हात वर-खाली करत? येड्यासारखा?" पोरीनं बापाकडं बघितलं, मग आजाकडं बघितलं, आणि अगदी सहज, जसं पाणी दे म्हणावं तसं म्हणाली, "बाबा, तू हो ना राक्षस. याला कोणीच नाही."

चैतीच्या हातात पळी होती, ती तशीच. धर्मेंद्रनं त्या ठोकळ्याच्या बाप्याकडं बघितलं. मग, तुम्हाला सांगते, ठाण्याच्या कंपनीतला माणूस, इस्त्रीच्या पँटीचा, गुडघ्यावर आला आणि म्हणाला, "घुर्रर्र!"

काय तो आवाज! मांजर बरं! पण पोरगी खिदळली, हिरो घेऊन धावली, बापाच्या छातीवर आपटला, "ढिश्यांव!" आणि धर्मेंद्र पडला. म्हणजे आडवा झाला. बिछान्यावर होतात तसा. पँट सांभाळून.

आणि खाटेवर म्हातारा वळवळायला लागला! "मेढी! मेढी, सांग त्याला, राक्षस असा पडतो का? पोतं पडतं असं, पोतं!" धर्मेंद्र परत उठला, परत पडला, अजून वाईट! "अगं मेढी, पाय बघ त्याचे! आधी गरका घ्यायचा! देवीकडं पाठ... नाय रं, नाय! धर्म्या, डावा पाय, डावा पाय मागं घे, मग गरका, मग गुडघा, आणि मुंडी शेवटी! मुंडी आधी टेकली की मुखवटा फुटंल, गाढवा!"

धर्म्या म्हणाला! मेढीला नाही, त्याला!

कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. चैतीच्या आलं असेल, ती पदरानं डोळे पुसत होती, पण चुलीला धूरही होता, मी काही ठासून सांगत नाही. धर्मेंद्र तसाच आडवा पडून म्हणाला, "बा, पडण्यात एवढं असतं?"

"मग? पडण्यातच सगळं असतं! देवी काय रं, ती उभीच असती, तिचं काय काम? राक्षस नीट पडला, तर लोक देवीला हात जोडतात. माझ्या बापानं मला दोन वर्षं नुसतं पडायला शिकवलं." आणि मग हळूच, "मारामारी दोघांची असती रं. एकाला तरी पडायला शिकावं लागतं."

धर्मेंद्र उठून बसला. म्हणाला, "पंचांना सांग, मी येतो."

त्या रात्री ताटात भाकर उरली नाही. दोन खाल्ल्या. मोजल्या मी.

तर तुम्ही विचारलंत, पोरांना घ्यावी का ही वस्तू? घ्या. पंचेचाळीसपर्यंत मागा, पायात चपला घाला, आणि कोंबडी आधी बाहेर सोडा.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. आता धर्मेंद्र दर शनिवारी शेवटच्या गाडीनं येतो, आणि रविवारी अंगणात शिकवणी. म्हातारा खाटेवरून तेलाचा डबा वाजवतो, धर्मेंद्र गरके घेतो. पण राक्षसाला पडायला समोर देवी नको का? देवीचा मान ज्यांच्या घरात, ती माणसं खोडाळ्याला. चैती म्हणते, "नवऱ्यावर हात कसा उचलू?" पोरीचा हात छातीपर्यंत पोचत नाही. मग सगळे वळले कुडाच्या भोकाकडं! "मावशी, बघताच आहात, तर या ना!" गेले. हातात लाटणं दिलं. वर म्हातारा माझ्यावरच ओरडतो, "गौरे, जोरात! देवी आहेस का पाहुणी?" खांदा भरून येतो हो, भात करपतो, आमचे हे उपाशी बसतात. पण करणार काय? लोक शेजाऱ्याला विरजण देतात, मीठ देतात. मी आपली दर रविवारी जाते आणि त्याला मारून येते.