कपाटामागची राक्षसीण

...नाही, पण मी म्हणते, काढायचीच होती राक्षसीण तर काढा की, पण ती सख्ख्या बहिणीवरून? तुम्हाला सांगते, आमचे हे चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात, मुंगीलाही न दुखावणारा माणूस, आणि घरी आले की फोनवर बोटाने राक्षस काढत बसतात, चार चौकटींची गोष्ट, झाली की टाकली इंटरनेटवर. आधी कुत्रंही बघत नव्हतं. मग आली ती कपाटामागची राक्षसीण. तीन डोळे, लांब शेपूट, आणि माणूस गिळायच्या आधी त्याला विचारते, "हातपाय धुतलेस का? नाही धुतलेस. माझं कोण ऐकतंय म्हणा या घरात." लोक हसून हसून लोळले, हजारांनी बघायला लागले... आणि मी बघते तर काय, या तर आमच्या वन्सं! ह्यांची थोरली बहीण हो, आई गेल्यावर जिने ह्यांना लहानाचं मोठं केलं ती. म्हटलं, "अहो, बरं दिसतं का हे?" हे आपले तिच्या शेपटीला रंग देत बसले.

त्यात झालं काय, वन्संनाच ती आवडली. ह्यांनी खाली नाव कुठे घातलं होतं? रोज सकाळी त्याच ह्यांना ती पाठवणार, वर फोन करून, "बाळ्या, बघितलीस का रे? अगदी आपली आत्या." ह्यांचा चहा तसाच गार. दुकानात एकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली, तो बिचारा जाऊन दारावर आपटला... मालक म्हणाले, "काय होतंय तुम्हाला?" हे आपले फडक्याने तीच काच पुसत राहिले.

मग प्रायश्चित्त म्हणून राक्षसीण गोड केली. गिळायचं सोडून माणसांना पांघरूण घालायला लागली. लोक खवळले, आणि सगळ्यांत जास्त कोण? वन्सं. "कुणा मेल्याने तिचे दात काढले रे?"

शेवटी मीच ह्यांना ढकलत नेलं त्यांच्या घरी. वन्सं भाजी निवडत होत्या. हे समोर बसले, फरशीकडे बघत म्हणाले, "ताई, ती... ती मीच काढतो. आणि ती आत्या नाही." वन्संनी हातातली जुडी खाली ठेवली. मीसुद्धा गप्प बसले, यावरून समजा.

मग म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी ओळखलं मी. एवढं टोचून माझ्याशिवाय कोण बोलतं, आणि ते तुझ्याशिवाय कुणी ऐकलंय? पण किती दिवसांत तुझा फोन नव्हता रे. म्हटलं, माझं बोलणं तरी आहे याच्या लक्षात. राक्षसीण म्हणून का होईना."

ह्यांच्या डोळ्यांतून धारा. वन्सं म्हणाल्या, "नाक पूस आधी. आणि तिचे दात परत लाव."

आता दोघं रोज फोनवर मिळून गोष्टी रचतात, खिदळतात, मला आनंदच आहे हो. फक्त कालपासून एक नवी राक्षसीण आलीय, वन्संनीच सुचवली म्हणे. श्वास न घेता बोलत सुटते, आणि माणसं आपणहून तिच्या जबड्यात उडी मारतात, सुटलो एकदाचे म्हणून. लोकांना फार आवडलीय. ही कोण, ते मी विचारलंच नाही... विचारायला तोंड उघडलं असतं, तर तेही काढलं असतं.