ताकदीच्या गोळ्या

पारनेरच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या सरवरी नावाच्या बाईच्या पुढं बहीणभाऊ भांडत होते. बाजूच्या बाकावर त्यांची आई घामानं भिजून थरथरत होती.

"हर्षल, काय पाजलंस आईला? जीभ निळी पडलीय तिची!"

"मिथिलीन ब्लू हाय, ताई. मोबाईलवर सांगत्यात, विसरभोळेपना जातो."

"बाटलीवर मासा हाय, मुडद्या! फिश टँकच्या दुकानातनं आनलंस व्हय?"

"औषध त्येच हाय. दवाखान्यातबी देत्यात."

"डॉक्टर देत्यात! तू कवापासनं डॉक्टर झालास?"

"मी सगळं वाचूनच दिलं. डोक्याच्या गोळ्या चालू आसतील तर घ्यायचं न्हाई, आसं लिवलं हुतं. आईला कुठं चालू हायेत?"

बहीण वळून पदरानं आईचा घाम पुसू लागली.

"ताई? त्या पांढऱ्या गोळ्या ताकदीच्या हायेत म्हनली हुतीस ना?"

"मग काय सांगू? आन्ना गेल्यापासनं आई उदास ऱ्हाती, डोक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या खाती, आसं? तुझ्या बायकोनं गावभर केलं आसतं!"

"अगं, मग मी आईला इख पाजलं की!"

"हळू बोल, लोकं ऐकत्यात!"

तेवढ्यात सिस्टर आल्या. "आजींना कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

बहिणीनं मागं सरवरीकडं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"ताकदीच्या."

"डोक्याच्या म्हन की, भवाने!" बाकावरनं म्हातारी कडाडली. "मी मराया लागले, अन् तुला अजून लाज सुचतीय!"