ताईची उदासी मोजायची प्रश्नावली

...आणि वर म्हणते, ‘अगदी मोकळेपणाने भरा!’ अहो, पेन हातात देऊन डोक्यावर उभी राहिल्यावर माणूस मोकळा होणार कसा? आमची ताई हो, कॉलेजात मानसशास्त्र शिकवते! नैराश्य ओळखायची प्रश्नावली बनवत होती, ज्याची त्याने भरायची, आणि कच्चा खर्डा तपासायला घरचीच माणसं धरली. माझ्यापुढे आलं, ‘मला निरर्थकतेची भावना जाणवते.’ म्हटलं, ताई, हे वाचूनच जाणवायला लागली! तर म्हणते, "शेरे नकोत, खूण कर."

मग तिचे सासरे. सांगायला लाज वाटते, पण तुम्हाला सांगतो, सासूबाई गेल्यापासून माणूस खिडकीशी बसून! ताटात अर्धं उरतं, दाढी आठवत नाही... त्यांनी भराभर खुणा केल्या, सगळीकडे ‘कधीच नाही’. ताई खूश! "बघ, किती सोपे प्रश्न, एकही अडला नाही!"

मी हळूच विचारलं, "काका, झोप उडणं, तेही कधीच नाही?" तर कुजबुजले, "अरे, सूनबाईची परीक्षा आहे ना? घरातलाच माणूस नापास निघाला तर लोक तिला काय म्हणतील?"

ताई दारातच! "आणि खरं काय, बाबा?"

"खरं म्हणजे... सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली."

संपलं! ताई मटकन खालीच बसली, त्यांच्या पायाशी. "माझ्या लक्षात कसं नाही आलं हो?" तर तेच तिची समजूत घालतात, "अगं, तू कामात होतीस." कामात! कसल्या? तर उदास माणसं शोधायच्या! लाज वाटते हो सांगायला!

संध्याकाळी तिने ‘निरर्थकता’ खोडली, तिथे काकांचं वाक्य जसंच्या तसं घातलं, त्यांना विचारून. आता कुणी भरायला बसलं की स्वतः खोलीबाहेर जाते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे. भला माणूस, काकांशी निवांत बोलले, पुन्हा यायला सांगितलं. आणि मग ताईकडे वळून, "इतके महिने घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही? तुम्ही काय करता, बाई?"

लाज म्हणजे काय, ते तेव्हा पाहिलं! ताईने एकदा फरशीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे...

"मी ना? मी... भूगोल शिकवते."

आता काय करता? सख्खी बहीण! म्हटलं, "हो डॉक्टर, नद्या फार छान शिकवते."